बारूदबाई

दिवाळी आली की आमच्या इतिहासाच्या बाई कानांत कापसाचे बोळे घालून घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसत. त्यांचं घर शिवाजी पेठेत, तालमीला लागून. तालमीतला एखादा गडी कुस्ती मारून आला की पोरं रस्त्यातच फटाक्यांची माळ लावत आणि बाईंच्या हातातली कपबशी खाली पडे. त्यांची आत्या त्यांच्याबरोबर राहत असे. ती म्हणायची, "हिला कप घ्यायचे ते पत्र्याचेच घ्यायचे." आणि याच बाईंना जुन्या बंदुकांतलं जेवढं कळत होतं तेवढं त्या काळी कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. आयुष्यात त्यांनी एकही गोळी झाडली नाही. मुलींनी त्यांचं नाव 'बारूदबाई' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाल्या, "नाव चांगलं आहे. फक्त चुकीचं आहे. बारूद मला कळत नाही गं, मला लोखंड कळतं."

मी त्या शाळेत ड्रॉइंगची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. चाळिशी ओलांडलेल्या, काटक, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी पाचवारी, आणि गळ्यात काळ्या गोफात अडकवलेलं एक भिंग. नवीन मुलींना ते भिंग दागिना वाटे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यापुढं एक कागद सरकवला. त्यावर पेन्सिलीनं काढलेला एक वेडावाकडा ससा होता. "हा मी काढलाय," त्या म्हणाल्या. "खरा ससा फार सुंदर आहे. तुला काढता येईल का?"

तो ससा एका पिस्तुलावर होता. बाईंचे वडील दरबारच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात, कारकून होते. लहानपणी ते बाईंना तिथं घेऊन जात. एका विलायती पिस्तुलाच्या पोलादी पट्टीवर शिकारी कुत्रा सशाच्या मागं धावतोय असं कोरलेलं होतं, सगळं मिळून बोटभर जागेत. मुलीनं विचारलं, हे कुणी काढलं. वडील म्हणाले, विलायतेत. विलायतेत कुणी, असं विचारल्यावर ते म्हणाले, आता ते मला कसं ठाऊक असणार. "तेवढ्यावर गप्प बसले असते तर आज सुखानं स्वेटर विणत असते," बाई सांगत. "पण मला सारखं वाटायचं, सशाचं ते एवढंसं नाक काढायला एक माणूस मान मोडेस्तोवर वाकला असेल. आणि आपण त्याला म्हणतो 'विलायत'. विलायत म्हणजे काय माणसाचं नाव आहे का?"

त्या माणसाचा माग काढण्यासाठी त्यांनी काय केलं नाही. मिशनमधल्या एका म्हाताऱ्या मडमेला त्यांनी मराठी शिकवलं आणि तिच्याकडून अडखळत वाचण्यापुरतं फ्रेंच आणि जर्मन घेतलं. जिथून मिळतील तिथून पुस्तकं मिळवली. कुठल्या गावात नळ्या होत, कुठल्या गावात बंदुकीचे घोडे आणि चाप, कुठं नक्षीवाले बसत, हे सगळं त्या अशा बोलत की जणू इथल्या गंगावेशीतल्या गल्ल्या सांगताहेत. बेल्जममधल्या एका गावात घरोघर बायका-पोरंसुद्धा बंदुकीचे सुटे भाग घासत बसायची, हे सांगताना त्यांचा आवाज खुलायचा. तिथली नवी नळी बाजारात जाण्याआधी तीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून उडवत आणि फुटली नाही तर तिच्यावर शिक्का मारत. "आपल्याकडं मॅट्रिकची परीक्षा असते ना, तशी," त्या मुलींना सांगत. "फक्त तिथं नापास झालेल्याचे तुकडे गोळा करावे लागत."

वर्गात त्या कडक होत्या. एक गोष्ट मात्र त्यांच्याच वर्गात चाले. उत्तर येत नसेल तर मुलीनं उभं राहून 'माहीत नाही' म्हणायचं. त्याला शिक्षा नव्हती. अंदाजानं ठोकून दिलं तर मात्र तासभर उभं राहावं लागे. आणि दुसरी त्यांची शिकवण माझ्यासाठी होती. मी बंदुकीचं चित्र काढायला बसले की त्या म्हणत, "नाव शेवटी वाचायचं. आधी हात वाचायचा." म्हणजे बंदुकीवर कुणाचं नाव कोरलंय ते नंतर बघायचं, आधी कानस कशी फिरलीय, लाकूड कुठलं आहे, स्क्रूचे आटे कसे आहेत ते बघायचं. नाव कुणीही कोरतं. हात लपत नाही.

विलीनीकरणानंतर परवाना नसलेली हत्यारं जमा करायची दवंडी गावोगाव फिरली. इनामदारांच्या वाड्यांतल्या, डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या, देवघरात पूजेला ठेवलेल्या, असल्या नसल्या सगळ्या बंदुका शहरातल्या एका सरकारी गोदामात येऊन पडल्या. तिथं पुण्याकडचे एक अधिकारी आले होते. आम्ही त्यांना नुसतं साहेबच म्हणत असू. त्यांना हुकूम असा होता की त्यांतली जुनी, मोलाची विलायती हत्यारं निवडून संग्रहालयाला द्यायची आणि बाकीची मोडून भट्टीत घालायची. निवडणार कोण? कुणीतरी आमच्या मुख्याध्यापिकांना विचारलं आणि त्यांनी बाईंना पाठवलं. बाईंनी मला बरोबर घेतलं. साहेबांनी आम्हां दोघींना दारात बघून विचारलं, "इतिहासाचे शिक्षक आले नाहीत का?" बाई म्हणाल्या, "आलेत की. खुर्ची द्या."

ती उन्हाळ्याची सुट्टी मी कधी विसरणार नाही. वर तापलेला पत्रा, खाली ग्रीस आणि गंज यांचा वास. शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाई गोदामात शिरल्या की पुरत्या कोल्हापुरी होत. "थांब, मी बघतो," असं इथल्या बायकांसारखं पुरुषी बोलत त्या बाह्या सारून कामाला लागत आणि तिथला हवालदार चपापून बघत राही. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापसानं गंज पुसायचा, झिजलेल्या कोरीव अक्षरांत खडूची पूड भरायची, मग मी ते काढून घ्यायचं. एखादी खूण सापडली की त्या हवालदारालाही हाक मारत. एकदा एका फ्रेंच पिस्तुलाच्या दस्त्यावर चांदीच्या तारेनं काढलेली द्राक्षाची वेल निघाली. बाईंनी त्याला ती भिंगातून दाखवली. तो बराच वेळ बघून म्हणाला, "बाई, मानूस मारायला केलंय व्हय ह्ये?" बाई म्हणाल्या, "केलं त्यासाठीच. पण करणाऱ्याचा जीव वेलीत होता."

त्याच ढिगात एक लांब चकमकीची बंदूक निघाली. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरायची, चाप ओढला की ती पोलादावर आपटून ठिणगी पडायची, त्या जातीची. तिला बांधलेल्या चिठ्ठीवर शाहूवाडीकडच्या एका गावाचं नाव होतं. नळीवर पाण्यात उमटावेत तसे तरंग होते, आणि घोडा हंसाच्या मानेसारखा वळलेला. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर ग्रीस वाळून दगड झालं होतं, पण त्यातून इंग्रजी 'लंडन'ची अक्षरं डोकावत होती आणि वर मुकुटासारखं काहीतरी. बाई तिच्यापुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. दस्ता शिसवी होता, अक्रोडाचा नव्हता. ते त्यांच्या लक्षात आलं होतं. "तो इथं बदलला असणार," त्या म्हणाल्या. "डोंगरातल्या पावसात विलायती लाकूड कुठलं टिकतंय." आणि मग त्यांनी साहेबांना बोलावून सांगितलं की या सगळ्या ढिगातलं सर्वांत चांगलं इंग्लिश काम हे आहे. साहेब खूश झाले. त्यांनी बंदूक टेबलावर वेगळी ठेवली आणि आपल्या वरिष्ठांना तसं कळवूनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पट्टी नीट साफ केली आणि मी अक्षरं मोठी करून कागदावर उतरवली. बाईंनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "शालू, तू चुकलीस. हे एन उलटं काढलंस."

"मी दिसलं तसं काढलं," मी म्हणाले.

"दुसरं बरोबर आहे. पहिलं उलटं आहे."

"तिथं तसंच आहे, बाई."

त्यांनी भिंग लावलं. मग चष्मा पुसून परत लावलं. पहिलं एन खरोखरच उलटं होतं. डी पोट फुगल्यासारखं होतं, आणि वरचा मुकुट हा मुकुट नव्हताच. खणावर असतो तसा गोंडा होता. ज्यानं हे कोरलं त्याला एकही इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. समोर दुसरी बंदूक ठेवून त्यानं रेघेला रेघ जुळवली होती. ओळखीचा शब्द दिसला की आपण अक्षरं बघायची सोडून देतो. मला इंग्रजी बेताचंच यायचं, म्हणून मी ती बघितली, एवढंच.

हवालदाराला सांगून बाईंनी स्क्रू काढवले आणि पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला, बंदूक मोडल्याशिवाय कुणाला कधीच दिसणार नाही अशा जागी, बारीक सुईनं ओरखडल्यासारखं 'श्री' लिहिलेलं होतं.

त्या खाली बसल्या. मला वाटलं, आपण चुकलो याचं त्यांना वाईट वाटतंय. त्यांच्याकडं बघितलं तर त्या हसत होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं. "आयुष्यभर मी विलायतेतली माणसं शोधत बसले," त्या म्हणाल्या, "आणि हा बाबा इथं आत लपून बसला होता." जरा वेळानं पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "नाव आधी वाचलं मी. हात वाचलाच नाही."

पुढच्याच रविवारी आम्ही एसटीनं शाहूवाडीकडं गेलो आणि पुढं पाऊलवाटेनं भाताच्या खाचरांतून त्या गावात पोचलो. बंदूक जमा करणाऱ्या म्हाताऱ्याला गावात आबा म्हणत. अंगात मळकी बंडी, डोक्याला पटका. त्यांनी घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. "या पावणं, बसा की. कुटनं आलासा?" बाईंनी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "आमची बंदूक? बरी हाय न्हवं?" जणू सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करत होते.

त्यांनी जी हकीगत सांगितली ती अशी. त्यांचा आजा भर पावसाळ्यात ओढ्याच्या लोंढ्यातून एका गोऱ्या साहेबाला ओढून बाहेर काढायला उतरला होता. साहेबानं खूश होऊन ही बंदूक त्याला दिली. घरात दर दसऱ्याला तिची पूजा होई. "सायबाची बंदूक हाय म्हनून आमच्या घराला मान," आबा म्हणाले. "लगीन जमवताना सुदीक लोक सांगायचं."

बाईंनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "आबा, एक सांगायचं आहे. ती विलायतेत झालेली नाही. तिच्यावर लंडन लिहिलंय, पण ज्यानं लिहिलं त्याला ते वाचता येत नव्हतं. आत 'श्री' लिहिलाय. आपल्याच मुलखातल्या कुणीतरी केलीय ती."

आत चुलीपाशी सून भाकरी थापत होती, तिचा थापण्याचा आवाज थांबला. "म्हंजी," आबा सावकाश म्हणाले, "माजा आज्जा खोटं बोलला?"

"तसं मी म्हणणार नाही. साहेबानं दिली असंल की. साहेबाकडं इथली बंदूक नसंल कशावरून? पुरात कोण होतं, कुणी कुणाला काढलं, ते मला माहीत नाही. मला फक्त लोखंड सांगतं तेवढं कळतं."

आबांनी मान हलवली. मग त्यांना भलतीच शंका आली. तलाठ्याकडून त्यांच्या कानावर आलं होतं. "विलायती तेवढ्या ठेवनार आन् बाकीच्या वितळवनार, आसं हाय न्हवं?"

"व्हय."

"मग बाई, तुमी गप ऱ्हावा की. कोन इचारतंय? तुमी लंडनची म्हनला तर लंडनची."

पुढ्यात आलेली भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बाई खाली मान घालून जेवल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "परत मिळायची नाही, आबा. पण भट्टीत जाऊ नये म्हणून मी जिवाचं रान करीन."

परतीच्या वाटेवर मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, आबांचं काय चुकलं? तुम्ही साहेबांना आधीच सांगून बसलाय. आता नुसतं गप्प राहायचं. बंदूक वाचेल, आबा समाधानी, कुणाचं काही बिघडत नाही."

त्यांनी छत्रीच्या टोकानं वाटेतला एक दगड बाजूला सारला. मग म्हणाल्या, "त्या माणसानं पोटासाठी लंडन लिहिलं. गिऱ्हाईक घेईना म्हणून लिहिलं असेल. आणि तरी आत जागा बघून आपली खूण ठेवली. इतक्या वर्षांनी ती कुणाला तरी दिसली, ती मला. आता मीच परत वर लंडन लिहायचं? मी कशासाठी लिहू?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही गोदामात गेलो. साहेब कागद चाळत होते. बाई बसल्याही नाहीत. "मी तुम्हाला सांगितलं ते चुकीचं होतं," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा हळूहळू आखडत गेला.

"बाई, तुमच्या शब्दावर मी वर कळवलंय. वरिष्ठ स्वतः बघायला येणार आहेत."

"चूक माझी. माझ्या नावानं तसं लिहा."

"लिहीन. पण हुकूम विलायती हत्यारांपुरता आहे. मग ही त्या ढिगात जाईल."

"ती जाऊ नये म्हणूनच आले."

साहेब थोडे चिडूनच म्हणाले, "अहो, मग गप्प बसायचं होतं." म्हणजे आबा आणि साहेब यांचं एकमत होतं. मला हसू येणार होतं, पण बाईंचा चेहरा बघून मी ते गिळलं.

बाईंनी हवालदाराला खरी लंडनची एक बंदूक आणायला लावली आणि दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्या पट्ट्या उघडल्या. मग त्या साहेबांना शिकवायला लागल्या, वर्गात शिकवत तसं. ही बघा, ही लंडनची. हिचे भाग वेगवेगळ्या हातांनी केले, एक स्प्रिंगवाला, एक घोडेवाला, एक नक्षीवाला. प्रत्येकाला त्याचं हत्यार होतं, मोजमाप होतं, शेजारी उस्ताद होता. आणि ही. हिच्यात स्प्रिंग, घोडा, चाप, सगळ्यावर एकच कानस फिरलीय. एकटा माणूस. कदाचित मोडलेली एखादी विलायती बंदूक समोर ठेवून त्यानं तिचं पोट फाडून बघितलं असेल. नळी मात्र त्यानं त्यांची घेतली नाही. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून त्यानं आपल्या पद्धतीची नळी केली, कारण ती त्याला जास्त चांगली येत होती. "आता ओढा चाप," हवालदारानं पट्ट्या परत बसवल्यावर त्या म्हणाल्या. "आधी हिचा, मग तिचा. दारू नाही, नुसती गारगोटी आहे."

साहेबांनी चाप ओढला. खट्ट झालं आणि बाई दचकून मागं सरकल्या. साहेबांनी त्यांच्याकडं आश्चर्यानं बघितलं. दोन्हींतून ठिणग्या पडल्या. साहेबांनी आबांच्या बंदुकीचा चाप पुन्हा एकदा ओढला. मग तिसऱ्यांदा. माणसाच्या हातात नीट केलेली वस्तू आली की तो हुकूम थोडा वेळ विसरतो, असं मला तेव्हा वाटलं.

"कोण होता हा?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"नावही ठाऊक नाही आणि त्याच्यासाठी तुम्ही स्वतःची चूक लिहून द्यायला निघालात?"

"ज्यांची नावं ठाऊक आहेत त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, साहेब."

साहेबांनी बंदूक टेबलावर ठेवली. "मी कळवतो," ते म्हणाले. "हमी देत नाही."

उत्तर यायला पावसाळा उलटला. मधल्या काळात बाकीच्या बंदुका ट्रकमध्ये भरून एका फौंड्रीत गेल्या. बाई तिथं गेल्या. मी म्हटलं होतं, कशाला बघायचं. तरी गेल्या. भट्टीपाशी छत्री धरून उभ्या राहिल्या. मोडलेल्या नळ्या आत जाताना तिथल्या एका कामगारानं एक तुकडा बाजूला काढला आणि नळीवरचे ते तरंग बघून विचारलं, "ह्ये कसं केलंय म्हनायचं?" बाईंनी त्याला सांगायला सुरुवात केली आणि बघता बघता भट्टीभोवतीचे सगळे गोळा झाले. त्या काळात कोल्हापुरात इंजिनं, पंप, उसाच्या घाण्याची चाकं ओतायची नुसती धांदल उडाली होती. ही माणसं समोर परदेशी मशीन ठेवून ते उघडून बघून तसंच करायचा प्रयत्न करत होती. त्या दिवसापासून रविवारी बाई त्यांच्याकडं जाऊ लागल्या. जुनी माणसं लोखंड कसं पिळत, पाणी कसं देत, हे त्या पुस्तकांतून वाचून सांगत, आणि पुस्तकात कळलं नाही ते त्यांना विचारून घेत. "मला वाटलं होतं मी तिथं रडायला जातेय," त्या म्हणाल्या, "पण तिथं तर मला वर्ग मिळाला."

उत्तर आलं ते सरकारी भाषेत. हुकुमातल्या 'विलायती' या शब्दापुढं 'व तत्सम' असे शब्द घातले होते. साहेब स्वतः शाळेत येऊन ते सांगून गेले. ते गेल्यावर बाई शिक्षकांच्या खोलीत पोट धरून हसल्या. "आमचा कारागीर 'तत्सम' झाला गं," त्या म्हणाल्या. पण नंतर मी बघितलं, त्या दिवशी घरी जाताना त्यांनी गल्लीतल्या पोरांना पेढे वाटले.

संग्रहालयात त्या बंदुका मांडल्या तेव्हा आबा आले होते, सून, नातवंडं, गावातली चार माणसं, सगळे मिळून. बाईंना त्यांनी डोंगरातल्या तांदळाची पिशवी आणली होती. दरबारच्या शिलेखान्यातून आलेल्या सशाच्या पिस्तुलाकडं कुणी बघितलंही नाही. सगळे आबांच्या बंदुकीच्या काचेपाशी. खाली बाईंच्या अक्षरांतली पाटी होती, कोल्हापूर भागात घडवलेली, कारागिराचं नाव माहीत नाही. आबांनी ती एकाकडून वाचून घेतली. मग त्यांनी चप्पल बाहेर काढून ठेवली आणि परत काचेपाशी आले. तिथं शहरातलीही माणसं बघायला आली होती. त्यांच्याकडं वळून आबा सांगू लागले, "ही आमची बरं का पावणं. सायबाची म्हनायचं आमी. सायबाची न्हाय. आपल्याच मानसानं केलीया. आमच्याच डोंगरातला असनार त्यो. इंग्रजाला जमली न्हाय आसली नळी केली गड्यानं. हितं आत 'श्री' लिवलाय, ह्या बाईंनी हुडकला." पुढं त्यांनी बरंच सांगितलं. कारागीर त्यांच्या गावचाच झाला, त्याची भट्टी ओढ्याकाठी झाली, साहेबानं ती बंदूक त्याच्याकडूनच करवून घेतलेली झाली. अंदाजानं एक वाक्य बोललं तरी मुलीला तासभर उभं करणाऱ्या बाई मागं उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाई, यातलं निम्मं..." त्या म्हणाल्या, "गप. बोलू दे त्यांना." त्या दिवशी त्यांनी आबांची एकही चूक दुरुस्त केली नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंना पुण्याच्या एका संग्रहालयानं तिथल्या जुन्या हत्यारांची ओळख पटवायला बोलावलं. आत्या त्याआधीच वारली होती. लोक म्हणाले, या वयात कशाला नवीन गाव. बाईंनी ट्रंक भरली. पुढं पुष्कळ वर्षं त्यांनी तिथं काम केलं आणि तिथंच त्या गेल्या. पण कोल्हापुरात मी त्यांना शेवटचं बघितलं ते स्टेशनवर. सकाळची गाडी होती. काही मुली हार घेऊन आल्या होत्या, फौंड्रीतली दोघं-तिघं कामावर जायच्या कपड्यांतच आली होती. मला रडू येत होतं, आणि बाई खिडकीतून वाकून मला सांगत होत्या की संग्रहालयाच्या कोपऱ्यातल्या कपाटात एक छोटं पिस्तूल आहे, त्याच्या नळीखाली एका पक्ष्याची खूण आहे, ती त्यांना अजून लागलेली नाही. "शेपटी वर आहे का खाली, ते नीट बघ," त्या म्हणाल्या. "खाली असली तर ते स्पेनचं. वीस दिवस झाले मला आठवेना, आणि आता वेळ नाही." गाडी हलली तरी त्या शेपटीबद्दलच बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी जाऊन ते पिस्तूल काढवलं. पक्ष्याची शेपटी वर होती. मी त्यांना तसं कळवलं. वाटलं, हिरमुसतील. पुण्याहून आमच्या ओळखीचं कुणीतरी आलं, त्यांच्याबरोबर बाईंचा निरोप आला. "शालूला सांगा, फार बरं झालं. म्हणजे अजून शोधायचं आहे. तिला म्हणावं, पक्षी मोठा करून काढ आणि घेऊन इकडं ये."

मी पक्षी काढला आणि दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता पुढच्याच शनिवारी पुण्याची गाडी पकडली.